हेडमास्तर वर्गात जातो कधी?

१ सप्टेंबर २०२५ ला सुप्रीम कोर्टाने शिक्षक पात्रता परीक्षेबद्दल (टीईटी) निकाल दिला आणि तेव्हापासून नागपुरातली कुठलीही स्टाफरूम घ्या, शिक्षकांचा कुठलाही व्हॉट्सॲप ग्रुप घ्या, एकच भांडण चालू आहे. निकाल थोडक्यात असा की पहिली ते आठवीला शिकवणाऱ्या ज्या शिक्षकांची नोकरी पाच वर्षांपेक्षा जास्त उरली आहे त्यांनी दोन वर्षांत टीईटी पास व्हायची, आणि ज्यांची त्याहून कमी उरली आहे त्यांची नोकरी वाचते, पण प्रमोशन पाहिजे असेल तर त्यांनाही टीईटी लागणार. आता आपल्याकडे मुख्याध्यापक व्हायची पाळी बहुतेकांना येते तीच शेवटच्या चार-पाच वर्षांत, म्हणजे घाव नेमका त्या खुर्चीवर बसला. एक बाजू म्हणते, तीस वर्षं पोरं शिकवली, निम्मं गाव आमच्या हाताखालून गेलं, आता या वयात पेपर सोडवायचे का? दुसरी बाजू, त्यात बरीचशी डीएड-बीएड करून शिक्षकभरतीच्या पवित्र पोर्टलकडे डोळे लावून बसलेली तरुण मंडळी, म्हणते की ज्याला साधी पात्रता परीक्षा निघत नाही तो शाळा काय चालवणार. दोन्हीकडून मीम्स, दोन्हीकडून टोमणे, आणि हिवाळी अधिवेशन लागलं की हेच सगळं बॅनरवर लिहून यशवंत स्टेडियमवरून मोर्चे.

मला दोन्ही बाजू चुकीच्या प्रश्नावर भांडताना दिसतात. खुर्चीत कोण बसणार यावर एवढा जीव काढायचा आणि बसलेला माणूस साडेदहा ते पाच करतो काय हे कोणीच विचारायचं नाही, हे काय राजेहो? माझं म्हणणं सरळ आहे. मुख्याध्यापकामुळे पोरांच्या शिकण्यात फरक पडतो आणि चांगला मोठा पडतो, पण तो पडतो शिक्षकांच्या शिकवण्यातून, त्यामुळे मुख्याध्यापकाचे जेवढे तास शिक्षकांच्या शिकवण्यावर जातात तेवढाच पडतो. आपण हे पद असं करून ठेवलंय की ते तास जवळजवळ शून्य आहेत. मग तिथे टीईटीवाला बसवा, पीएचडीवाला बसवा नाहीतर सेवाज्येष्ठतेने आलेला बसवा, तिसरीतलं पोरगं वाचायला लागेल की नाही याच्याशी त्याचा फारसा संबंध उरत नाही.

काटोल-नरखेडकडची जिल्हा परिषदेची एखादी दोनशिक्षकी शाळा डोळ्यासमोर आणा. शिक्षण हक्क कायद्याच्या (आरटीई) परिशिष्टाप्रमाणे पाचवीपर्यंतच्या शाळेत दीडशेच्या वर पट असेल तरच मुख्याध्यापकाचं वेगळं पद, त्यामुळे इथे दोघांतला जो सिनियर तो 'प्रभारी'. त्याच्याकडे स्वतःचे दोन-तीन वर्ग आहेतच. शाळेत आल्या आल्या पोषण आहाराचा तांदूळ बघायचा, भाजी-तेलाचा हिशोब, किती पोरं जेवली तो आकडा एका ॲपवर, हजेरी दुसऱ्या ॲपवर, मग शाळेची नि पोरांची माहिती भरायची यू-डायस प्लस, सरल ही पोर्टलं, पोरांचे अपार आयडी. आधारची भानगड तर विचारूच नका, कार्डावर 'रोशनी' आणि दाखल-खारीज रजिस्टरवर 'रोषणी' असलं की पोरगी जुळत नाही, जुळली नाही की शिक्षकांची पदं ठरवणाऱ्या संचमान्यतेच्या पटात धरत नाहीत, आणि पट घसरला की शिक्षक अतिरिक्त. म्हणजे एका अक्षरासाठी हेडमास्तर पालकाला घेऊन तालुक्याच्या आधार सेंटरवर, आणि इकडे दोघांचेही वर्ग एका खोलीत दुसऱ्या गुरुजींकडे. वरून निवडणूक आली की मतदार यादीचं काम, म्हणजे बीएलओ. लिपिक नाही, शिपाई नाही. दुपारी एकला ग्रुपवर मेसेज येतो, 'सोबतच्या एक्सेलमध्ये माहिती आजच चार वाजेपर्यंत, अत्यंत तातडीचे', आणि गंमत म्हणजे हीच माहिती गेल्या महिन्यात दिलेली असते, फक्त कॉलम इकडचे तिकडे झालेले असतात. कायद्याचं कलम २७ सांगतं की जनगणना, आपत्ती आणि निवडणूक सोडून दुसरं अशैक्षणिक काम शिक्षकाला देऊ नये, पण पोर्टल भरणं शैक्षणिक की अशैक्षणिक यावरच वाद, मग कलमाचा उपयोग काय?

शहरात वेगळं काही नाही, फक्त कागद वेगळे. महाल-सक्करदऱ्याकडच्या एखाद्या जुन्या अनुदानित हायस्कूलमध्ये लिपिक असतो, पण तिथल्या हेडमास्तरचा वेळ पगार काढणाऱ्या वेतन पथकाच्या चकरा, मेडिकल बिलं, कोणाच्या तरी मान्यतेची कोर्टकेस आणि संस्थेतल्या दोन गटांचं धर्मादाय आयुक्तांकडे पोचलेलं भांडण यात जातो. कोणत्या गटाच्या अध्यक्षाची सही चालेल हे ज्याला रोज ठरवावं लागतं तो आठवी 'ब' च्या बीजगणिताकडे कधी बघणार?

आता कोणी म्हणेल की हेडमास्तरने वर्गाकडे बघितलं काय नि नाही काय, शिकवणारा तर शिक्षकच ना. बरोबर आहे. केनेथ लीथवूड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४ मध्ये या विषयावरचे अभ्यास एकत्र करून जो निष्कर्ष काढला तोही हेच सांगतो, शाळेच्या हातात असलेल्या गोष्टींपैकी शिकण्यावर सगळ्यात जास्त परिणाम वर्गातल्या शिकवण्याचा. पण दुसरा नंबर नेतृत्वाचा, शाळेमुळे पडणाऱ्या एकूण फरकापैकी साधारण पाव हिस्सा. आणि तो थेट पडत नाही, शिक्षकांमधून पडतो. अमेरिकेत २०२१ साली जेसन ग्रिसम वगैरेंनी नवीन अभ्यास जमवून बघितलं तर कमी कुवतीचा मुख्याध्यापक जाऊन चांगला आला की पोरांचं गणितातलं शिकणं वर्षाला जवळपास तीन महिन्यांनी पुढे जातं असं निघालं. एक चांगला शिक्षक जेवढा फरक पाडतो तेवढाच साधारण, पण शिक्षकाचा फरक त्याच्या चाळीस पोरांपुरता आणि हेडमास्तरचा अख्ख्या शाळेला. हे साधं गणित आपल्या भांडणात कुठेच येत नाही.

विरोधातले मुद्दे मात्र हलके नाहीत, आणि मला त्यांच्यावरून उडी मारून जायचं नाही. पहिला, घर. १९६६ चा अमेरिकेतला कोलमन रिपोर्ट, पोरगं कुठल्या घरातून येतं त्यावर सगळ्यात जास्त अवलंबून आहे, शाळेवर कमी, असं सांगून गेला आणि तो मुद्दा आजवर पुरता कोणी खोडलेला नाही. नागपुरात तर हे रोज डोळ्यांना दिसतं, दहावीचा निकाल लागला की शाळेच्या गेटवर टॉपरचा फ्लेक्स, आणि त्या फ्लेक्सवरची निम्मी पोरं शाळेत हजेरीपुरती, खरं शिकणं धंतोली-रामदासपेठच्या क्लासमध्ये. त्या निकालाचं श्रेय हेडमास्तरला द्यायचं? मुळीच नाही. पण ज्याच्या बापाला क्लासची फी परवडत नाही, आई-बाप सकाळी सातला ठिय्यावर कामाला गेले, घरात वाचणारं कोणी नाही, त्या पोराला शाळा सोडून दुसरं काय आहे? लीथवूडच्याच अहवालात हेही आहे की नेतृत्वाचा परिणाम सगळ्यात जास्त दिसतो तो अडचणीतल्या शाळांमध्ये. म्हणजे घराचं वजन जिथे कमी पडतं तिथे हेडमास्तरचं वाढतं. आणि त्याच शाळांना आपण लिपिक दिलेला नाही.

दुसरा मुद्दा याहून जड. हे सगळे अभ्यास परदेशातले, तिकडचा प्रिन्सिपल शिक्षक निवडू शकतो, इकडच्याला खडूचा बॉक्स घ्यायला समितीचा ठराव लागतो. शिक्षक नेमणार सरकार किंवा संस्था, बदली करणार जिल्हा परिषद, पगार सरकारच्या शालार्थ प्रणालीतून, मग नेतृत्व कशाचं करायचं? खरंय. निक ब्लूम आणि त्यांच्या सोबतच्यांनी २०१५ मध्ये आठ देशांतल्या १८०० माध्यमिक शाळांचा कारभार तपासला, त्यात भारत शेवटून पहिला आला. आणि त्याहून टोचणारी गोष्ट शेजारच्या मध्य प्रदेशातली, सिवनी-छिंदवाडा म्हणजे आपल्या उंबरठ्यावर. तिथे शाळांचं मूल्यमापन, प्रत्येक शाळेचा सुधारणा आराखडा, मग त्याचा पाठपुरावा असा मोठा कार्यक्रम केला, कार्तिक मुरलीधरन आणि अभिजीत सिंग यांनी तो नीट तुलना करून मोजला, तर पोरांच्या शिकण्यात फरक शून्य. आराखडे तयार झाले, फायलीत लागले, वर्गात काही बदललं नाही, आणि तरीसुद्धा हाच नमुना पुढे देशभर लाखो शाळांत पसरला. 'बघा, नेतृत्व-बितृत्व सगळं थोतांड' म्हणणाऱ्यांचा हा हुकमी पत्ता आहे.

पण तो पत्ता उलटा करून बघा ना. मध्य प्रदेशात हेडमास्तरला दिलं काय? आणखी एक फॉर्म. ज्या माणसाचा वेळ कागदाने खाल्लाय त्याच्या डोक्यावर आणखी कागद ठेवला आणि पोरं का शिकली नाहीत म्हणून विचारलं. त्या प्रयोगातून सिद्ध झालं ते एवढंच की नेतृत्वाच्या नावाखाली पाठवलेला आराखडा शिकवत नाही. अधिकार नसण्याचा मुद्दाही अर्धाच खरा आहे. शिक्षक काढता येत नाही, मान्य. पण आहे त्या शिक्षकाच्या तासाला मागच्या बाकावर बसायला कोणाची परवानगी लागते? न्यूझीलंडच्या व्हिव्हियन रॉबिन्सन यांनी २००८ मध्ये नेतृत्वाचे वेगवेगळे प्रकार तोलून बघितले, त्यात सगळ्यात जास्त परिणाम निघाला तो शिक्षकांच्या शिकण्यात स्वतः भाग घेणाऱ्या मुख्याध्यापकाचा. यातल्या कशालाच कोणाला नोकरीवरून काढायचा अधिकार लागत नाही. वेळ लागतो, आणि आपणही कधीकाळी बरं शिकवत होतो ही हिंमत लागते.

नुसता राऊंड मारून मात्र भागत नाही. हात मागे बांधून व्हरांड्यातून फिरणारे, खिडकीतून डोकावून 'गोंगाट कशाला?' म्हणणारे हेडमास्तर आपण सगळ्यांनी बघितलेत आणि कडक म्हणून त्यांचं कौतुकही केलंय. मायामीतल्या शंभरेक शाळांमध्ये मुख्याध्यापकांच्या मागे दिवसभर फिरून त्यांचा वेळ कुठे जातो ते संशोधकांनी टिपलं होतं, तर असे धावते राऊंड जिथे जास्त तिथे पोरांची प्रगती उलट कमीच दिसली. शिक्षकासोबत बसून त्याच्या शिकवण्यावर काम करणं जिथे जास्त तिथे बरी. आपल्याकडे शाळा तपासायला दिपोटी (डेप्युटी इन्स्पेक्टर) यायचा त्या काळापासून हीच सवय, साहेब आला की पोरं पाठ म्हणून दाखवणार, साहेब शेरा मारून जाणार, पोरांना येतंय असं सगळ्यांनी समजायचं.

ही फसवणूक कशी असते ते कुही तालुक्याकडच्या एका शाळेत माझ्या ओळखीच्या मुख्याध्यापिका बाईंमुळे मला जवळून बघायला मिळालं. बाई रोज दुसऱ्या तासाला तिसरीत जाऊन बसतात. एक पोरगी उभी राहिली, पुस्तक हातात धरून धडा धाडधाड वाचला, शिक्षक खूश. बाईंनी काही न बोलता पुस्तक हातात घेतलं, चार पानं पुढचा धडा उघडून दिला आणि मधल्या एका ओळीवर बोट ठेवलं. पोरगी गप्प. मग म्हणाली, 'मॅडम, हे तं अजून शिकवलंच नाही.' मागचा धडा ती वाचत नव्हतीच, पाठ म्हणत होती. पोरीला वाचायचं म्हणजे काय हेच वेगळं समजलं होतं, आणि तिचा काही दोष नव्हता. बाईंनी शिक्षकाला सर्वांसमोर झापलं नाही, लॉगबुकात लाल शेरा नाही. शनिवारी शाळा सुटल्यावर दोघं बसले, सोमवारी तो तास बाईंनी स्वतः घेतला आणि शिक्षक मागे बसला. किराण्याच्या पुड्यांचे कागद, एसटीची तिकिटं, वीजबिल, जे पोरांनी कधी पाठ केलेलं नाही ते वाचायला दिलं. दिवाळीपर्यंत सगळी पोरं घडाघड वाचायला लागली असं काही झालं नाही. पण कोण अक्षरावरच अडकलंय, कोण जोडाक्षरावर आणि कोणाला फक्त भीती वाटते हे शिक्षकाला नावानिशी कळलं. २०२४ च्या 'असर' या शिक्षणाच्या पाहणीत देशाच्या ग्रामीण सरकारी शाळांतली तिसरीची फक्त २३.४ टक्के पोरं दुसरीचा मजकूर वाचू शकली, २०२२ मध्ये तर १६.३. उरलेल्यांत अशी धडा पाठ झालेली किती असतील? राऊंड मारणाऱ्याला ती कधीच सापडत नाहीत.

आणि बाईंच्या पोर्टलचं काय होतं? ते रात्री दहानंतर घरी, सर्व्हर मोकळा झाला की, नवऱ्याला शेजारी बसवून. म्हणजे जे काम पदाचं आहे ते त्या शाळेत करतात आणि जे पदाला चिकटवलंय ते झोपेतून काढतात. असं किती जण करतील आणि त्यांनी का म्हणून करावं?

इथे लगेच आदर्श शिक्षकाची गोष्ट पुढे येते. दत्तात्रय वारे गुरुजींची पुणे जिल्ह्यातली वाबळेवाडीची शाळा बघा, मग ते जालिंदरनगरला गेले तर पट आटत चाललेली तीही शाळा उभी राहिली आणि २०२५ मध्ये जगातल्या उत्कृष्ट शाळांच्या स्पर्धेत लोकांच्या मतदानाचा पुरस्कार घेऊन आली. माणूस एक, शाळा दोन, माझ्या मुद्द्याला याहून चांगला पुरावा नाही. पण मला त्याची भीतीही वाटते. कारण अशा गोष्टी सांगून सरकार हात झटकतं, 'बघा, इच्छाशक्ती असली की होतं.' सगळ्यांनी वारे गुरुजी व्हायचं असं धोरण असू शकत नाही. आपल्या बाजूलाच वर्ध्यात ऑक्टोबर १९३७ मध्ये गांधीजींनी हाताच्या कामातून शिकवायच्या नई तालीमची परिषद घेतली, झाकिर हुसेन समितीने आराखडा केला, पुढच्या वर्षी हरिपुऱ्यात काँग्रेसने मान्यही केला, पुढे राज्याराज्यांत बुनियादी शाळांच्या पाट्या लागल्या. सेवाग्रामला आशादेवी आणि आर्यनायकम् दाम्पत्य पोरांमध्ये आणि शिक्षकांमध्ये राहून ते चालवत होतं तोवर त्यात जीव होता, बाकी बहुतेक ठिकाणी टकळी राहिली आणि तालीम गेली. योजना गावोगाव पोचवता आली, ती चालवणारे हेडमास्तर तयार करायची व्यवस्था कोणी केली नाही. याच्या उलट पुण्याचं १८८० चं न्यू इंग्लिश स्कूल. नाव निघालं की चिपळूणकर, टिळक, आगरकर आठवतात, आणि रोजची शाळा ज्यांनी हाकली ते सुपरिंटेंडेंट वामन शिवराम आपटे लोकांना फक्त संस्कृत कोशामुळे माहीत. त्या शाळेला भाषण करणारे आणि शाळा चालवणारे अशी कामं वाटून घेता आली होती, आपल्या आजच्या हेडमास्तरला भाषण, शाळा, तांदूळ आणि एक्सेल सगळं एकट्याने.

मग निवडायचं कसं, हा मूळ भांडणाचा प्रश्न उरतोच. सेवाज्येष्ठतेला मी नावं ठेवणार नाही, आणि जे ठेवतात त्यांना विदर्भातल्या संस्था माहीत नसाव्यात. १९८१ च्या खाजगी शाळा नियमावलीत सगळ्यात ज्येष्ठ, समाधानकारक सेवा असलेल्या शिक्षकालाच मुख्याध्यापक करा असं लिहिलंय ते उगाच नाही, तो नियम नसता तर प्रत्येक खुर्चीत संस्थाचालकाचा भाचा बसला असता. नियम असूनही काय होतं ते नागपूर विभागाने २०२५ मध्ये बघितलंच, शालार्थ आयडी घोटाळ्यात बनावट कागदपत्रांवर थेट मुख्याध्यापक नेमल्याचा आरोप झाला आणि अटका शिक्षण उपसंचालकांपर्यंत गेल्या. म्हणून ज्येष्ठता ही ढाल आहे, ती काढू नका. पण ५८ ला रिटायर होणारा माणूस छप्पन्न-सत्तावन्नला खुर्चीवर येणार आणि पेन्शनच्या कागदात गुंतणार, यातून शाळेला काय मिळतं? टीईटीवाल्यांनाही तेच विचारायचंय. ती परीक्षा विषय आणि बालमानसशास्त्र तपासते, बरंच आहे, पास व्हा. पण चिडलेल्या पन्नाशीच्या शिक्षकासोबत बसून त्याचा तास सुधारता येतो का हे त्या ओएमआर शीटवर कुठल्या गोळ्यात काळं करायचं?

माझं मागणं फार मोठं नाही. ज्येष्ठता यादीतल्या पहिल्या काही जणांतून, पण पाच वर्षं तरी हातात असलेल्याला खुर्ची द्या. खुर्ची द्यायच्या आधी वर्षभर त्याला दुसऱ्या शाळेत चांगल्या हेडमास्तरसोबत बसवा, तीन दिवसांचं चहा-बिस्किटाचं प्रशिक्षण आणि प्रमाणपत्र नको. पाच-सहा शाळांमागे एक डेटा ऑपरेटर द्या, पोर्टल त्याच्याकडे. यावर पैसे नाहीत असं सांगतील, तर शाळांच्या रंगरंगोटीच्या स्पर्धांना आणि बक्षिसांना मिळतात तिथून काढा, भिंतीवरच्या डोरेमॉनने अजून कोणाला वाचायला शिकवलेलं नाही. आणि दिवसाचे दोन तास हेडमास्तर वर्गात असेल तर त्या वेळात तालुक्याहून फोन येणार नाही एवढा एक साधा आदेश काढा.

तपासणार कोण, असं विचाराल तर त्यासाठी केंद्रप्रमुख आहेच. दहा-बारा शाळांना मिळून एक, हे पद मुळात शिक्षकांना मदत करायलाच काढलं होतं. त्याने शाळेत आल्यावर रजिस्टर मागवायच्या ऐवजी हेडमास्तरला विचारावं की या आठवड्यात कोणाच्या तासाला बसलात आणि नंतर दोघांत काय बोलणं झालं. अर्थात तो येईल तेव्हा. सध्या शेजारच्या दोन केंद्रांचा चार्जही त्याच्याकडेच असतो, आणि चार वाजेपर्यंतची माहिती त्यालाही द्यायची असते.